संसाराची वही : पाण्याची वेळ आणि आपली वेळ



"सकाळी पाचला उठते, रात्री अकराला आडवी होते. मधे क्षणभर टेकत नाही. पण कुणी विचारलं, आज काय केलंस गं, तर मेलं सांगताच येत नाही!" ही तक्रार कानावर आली नाही असा माझा एकही महिना जात नाही. सांगणारी नोकरी करणारी असो की घरी असणारी, जुन्या वाड्यात राहणारी असो की दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, शब्द थोडेफार तेच. आणि त्याला जोडून दुसरे वाक्यही येतेच : "आमच्याकडे कसलं आलंय वेळापत्रक? ते ऑफिसातल्या लोकांना. घरात एक काम हाती घ्यावं तर दुसरंच उपटतं."

यातले पहिले वाक्य अगदी खरे आहे. दुसरे मात्र जरा तपासून पाहायला हवे. ज्यांचे काम घड्याळाच्याच काय, माणसाच्याही हातात नाही, अशा बायका आपला दिवस कसा आखतात ते आज पाहू. त्यासाठी आपल्याला जायचे आहे मालवणजवळच्या देवबागला.

आधी वेळ कुठे जातो ते पाहा

पण निघण्यापूर्वी थोडा हिशेब. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली सबंध देशात प्रथमच वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या माणसांना विचारले, कालचे चोवीस तास कसे गेले ते सांगा. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाची घरे आखली आणि प्रत्येक घरात काय केले ते भरून घेतले. निष्कर्ष असा निघाला की, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. हेच काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. बरे, हे काम मुळात करणारेच किती? शंभर बायकांतल्या ८१, आणि शंभर पुरुषांतले २६. पुढे २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषाची नऊ! म्हणजे फरक होता तिथेच राहिला.

मला या पाहणीतले आकडे जितके महत्त्वाचे वाटतात तितकीच तिची रीतही. अर्ध्या तासाचे एक घर आणि त्यात एक ओळ. एवढे लिहिले की ज्या पाच तासांना नाव नव्हते त्यांना नाव मिळते. आपल्या तक्रारीवरचे पहिले औषध हेच. ते कसे घ्यायचे ते पुढे सांगते.

देवबागचा दिवस

मालवणहून दक्षिणेला निघाले की तारकर्ली लागते, आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग. गाव कसले, जमिनीची एक लांबट पट्टीच ती. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि मधे माडांच्या सावलीत घरे. दक्षिणेच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भोगवे दिसते. एकीकडे लाटांचा आवाज, दुसरीकडे खाडीचे संथ पाणी. पर्यटकांना हे फार आवडते. म्हणूनच तिथल्या पुष्कळ घरांनी दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. निवास-न्याहारी म्हणतात त्या प्रकारातल्या.

आता अशा घरातल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी पाहुण्यांना चहा, मग घावणे-चटणी नाहीतर आंबोळी. कुणाला डॉल्फिन पाहायला होडीतून जायचे असते, त्यांची घाई. मासळी आली की ती पारखून घ्यायची, साफ करायची. नारळ खोवायचे, वाटप वाटायचे, सोलकढी काढायची. दुपारची जेवणे उरकली की चादरी, खोल्या, फरशी. मोबाइलवर नवे पाहुणे विचारत असतात, "रूम आहे का? एसी आहे का? फिश थाळी मिळेल का?" त्यांना उत्तरे द्यायची. आणि हे सारे घरच्या मुलांच्या शाळा, सासूबाईंचे औषध, गणपतीआधीची साफसफाई यांच्या जोडीला.

यात भर पाण्याची. खाडीतल्या वाळूत तिसऱ्या मिळतात, खडकांना कालवे असतात. ते काढायचे तर पाणी उतरलेले हवे. ओहोटी सकाळी सहाला असेल तर सहाला, दुपारी बाराला असेल तर बाराला. "आज जरा उशिरा जाते" असे म्हणायची सोयच नाही. तिला विचारा, ती सरळ सांगेल, "पाणी कोणासाठी थांबणा नाय."

म्हणजे हिच्या घरातही एक काम हाती घेतले की दुसरे उपटतेच. तरीही तिला दिवस आखावाच लागतो, कारण दिवसातले एक काम तरी असे आहे की ज्याची वेळ चुकली की ते त्या दिवसापुरते संपलेच.

तिथीची पाऊणपट

ही पाण्याची वेळ कळते कशी? आता मोबाइलवरही मिळते, पण कोकणात एक जुना तोंडी हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आज अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे भरती सुमारे सहाला, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमारास. द्वादशी असेल तर बाराचे पाऊणपट नऊ; भरती नऊला, ओहोटी तीनला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी-मध्यरात्रीच्या बाराजवळ जाते. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. अर्थात हा ढोबळ झाला. किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तशी वेळ थोडी पुढे सरकते, त्यामुळे मालवणकडे पाणी मुंबईच्या आधी चढते. गावचे लोक आपापल्या अनुभवाने तेवढा फरक धरतात.

यातली खरी गोष्ट अशी की, भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. कारण चंद्र. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला तिला तेवढा वेळ जास्त लागतो. म्हणून देवबागच्या बाईचे सोमवारचे वेळापत्रक मंगळवारी जसेच्या तसे चालत नाही. पण ते बेभरवशाचेही नाही. उद्या किती बदलणार हे तिला आजच ठाऊक असते!

भिंतीवरचे कॅलेंडर तिच्या या कामी येते. आपल्या घरोघरी लागणारे 'कालनिर्णय' जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केले, आणि ते मूळचे मालवणचेच, हे पुष्कळजणींना ठाऊक नसेल. त्या चौकोनांत आपण काय काय लिहीत नाही! दूध किती, गॅस कधी लावला, इस्त्रीचे कपडे किती दिले, कामवालीचे खाडे, माहेरचे लग्न. म्हणजे बघा, नोंद ठेवायची सवय आपल्याला आहेच. दूधवाल्याचा हिशेब आपण थेंबाथेंबाने ठेवतो आणि स्वतःच्या तासांचा मात्र ठेवत नाही, एवढेच.

पाण्याची, उन्हाची आणि केव्हाचीही

देवबागच्या दिवसाकडे पाहिले की कामांचे तीन ढीग पडतात. आपल्या घरीही तेच तीन करता येतील.

पहिली *पाण्याची कामे*. म्हणजे ज्यांची वेळ आपण ठरवत नाही. शाळेची बस, नवऱ्याचा डबा, तुमची आठ-दहाची लोकल, दवाखान्याची वेळ. आणि शहरांत तर अक्षरशः पाणी! नळ साडेपाचला येऊन सातला जात असेल, तर ते तुमच्या घरचे ओहोटीचे काम. ही कामे दिवसात फार नसतात. मोजून पाहा, पाच-सहाच भरतील. पण ती आधी लिहायची, आणि वेळेसकट लिहायची.

दुसरी *उन्हाची कामे*. ही एका दिवसाला बांधलेली नसतात, पण हंगामाला बांधलेली असतात. कोकणात कोकमाचे फळ एप्रिल-मेमध्ये पिकते. ते फोडायचे, साले वेगळी करायची, मीठ घातलेल्या रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची. असे चार-सहा वेळा केले की आमसूल तयार. हे पावसाआधी झाले तर झाले. जूनमध्ये आभाळ भरून आले की फळ सडते. आपल्याकडचे पापड-कुरडया, धान्याला ऊन देणे, मुलांचे शाळाप्रवेश, विम्याचा हप्ता, आयकराचे कागद ही सारी उन्हाची कामे. ती रोजच्या पानावर लिहून भागत नाही. महिन्याच्या पहिल्या पानावर लिहायची, आणि कोणत्या आठवड्यात हात घालायचा तेही त्याच वेळी ठरवायचे.

तिसरी *केव्हाचीही कामे*. कपाट आवरणे, उसवलेली शिवण, पत्राचे उत्तर, बँकेत पत्ता बदलणे. यांना वेळ नाही, म्हणून यांना न्याय नाही. हीच कामे रात्री उशाशी येऊन बसतात. देवबागची बाई यांना पाण्याच्या दोन वेळांच्या मधे बसवते. आपणही तसेच करावे : दोन पाण्याच्या कामांच्या मधली जागा शोधून तिथे एकच, फार तर दोन, केव्हाचीही कामे लिहावीत. सात लिहिली तर सातही राहतात.

वही कशी ठेवावी

शंभर पानी साधी वही घ्या. महागडी रोजनिशी नको. तिचे पान खराब होईल म्हणून आपण लिहीतच नाही! वही स्वयंपाकघरात, हाताला येईल अशी ठेवा. पेन्सिल दोऱ्याने बांधून टाका, नाहीतर मुले पळवतात.

पहिला आठवडा काहीही आखू नका. नुसते लिहा. सरकारी पाहणीसारखी अर्ध्या अर्ध्या तासाची घरे आखा आणि दिवसातून तीनदा, म्हणजे दुपारी, संध्याकाळी, झोपताना, मागचे भरून टाका. "साडेनऊ ते दहा : भाजी निवडली, फोन" एवढे पुरे. सुबक अक्षर नको, शुद्धलेखन नको. आठ दिवसांनी सारी पाने पुढ्यात घेऊन बसा. कोणते काम रोज अर्धा तास म्हणता म्हणता तासभर खाते ते दिसेल. बाजाराच्या तीन फेऱ्या एका फेरीत मावल्या असत्या हेही दिसेल.

दुसऱ्या आठवड्यापासून उघडलेल्या वहीचे डावे पान उद्याचे, आणि उजवे पान झालेल्याचे. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढून डावे पान लिहायचे. क्रम असा : आधी पाण्याची कामे वेळेसकट, मग उन्हाचे एखादे, मग केव्हाचीही एक-दोन. दुसऱ्या दिवशी जे खरोखर घडले ते उजव्या पानावर. दोन्ही पाने जुळलीच पाहिजेत असे मुळीच नाही. ती किती जुळतात आणि कुठे फाटतात, हेच तर पाहायचे आहे.

खुणा तीनच ठेवा. झाले की बरोबरची खूण. उद्यावर ढकलले की बाण. आता करायचे नाही असे ठरले की आडवी रेघ. एखाद्या कामापुढे तीन दिवस बाण आला, की थांबा आणि स्वतःला विचारा : हे मला करायचेच आहे का? असेल तर उद्या सकाळचे पहिले. दुसऱ्या कुणाला देता येईल का? असेल तर आजच सांगा. यातले काहीच नसेल तर रेघ मारा आणि विसरून जा. रेघ मारणे म्हणजे आळस असे समजू नका. माळ्यावरची सगळी जुनी पातेली घासून चकचकीत झाली नाहीत म्हणून कुणाचा संसार मोडलेला नाही.

या बाबतीत एका परदेशी बाईंची आठवण करून देते. लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकेतल्या अभियंता. मुले बारा! नवरा १९२४ साली अचानक गेला. कारखान्यातल्या कामगाराच्या कोणत्या हालचाली वाया जातात याचा अभ्यास दोघे करत असत. तोच अभ्यास त्यांनी पुढे स्वयंपाकघराला लावला. बाई ओट्यापासून शेगडीपर्यंत किती पावले चालते ती मोजली, आणि भांडी-वस्तू कुठे ठेवल्या म्हणजे ती पावले कमी होतील ते मांडले. आपण एवढेच करू : वहीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी, चहापासून डब्यापर्यंत, किती वेळा फ्रिजपाशी गेलो ते रेघा मारून मोजायचे. मीठ-मसाल्याचा डबा, सांडशी, पोळीचे पीठ यांची जागा त्यावरून आपोआप ठरेल.

रापणीची दोरी

आता अवघड भाग. वही लिहिली की दिसते ते हे की, डाव्या पानावरच्या सगळ्या कामांपुढे एकच नाव आहे, आणि ते आपले.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण नावाची मासेमारीची जुनी पद्धत आहे. मोठे जाळे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढून आणतात. एकट्यादुकट्याचे ते कामच नव्हे. म्हातारे, तरुण सगळे दोरीला लागतात, आणि मासळी आली की ओढणाऱ्यांना तिच्यात वाटा मिळतो. दोरीला हात लावायचा आणि वाटा घ्यायचा, असा तो व्यवहार.

आपल्या घरात वाटा सर्वांना मिळतो. दोरीला हात मात्र एकीचाच! हे बोलून भांडण होते, लिहून दाखवले तर पुष्कळदा होत नाही. आठवड्याची पाने रविवारी जेवणानंतर सर्वांपुढे ठेवा. सुरात तक्रार नको. "ही सत्तावीस कामं आहेत, यातलं कोण काय उचलतं?" असे विचारा. सातवीतला मुलगा पाण्याच्या बाटल्या भरू शकतो, मुलगी दूध तापवू शकते तर मुलगाही शकतो. यजमान शनिवारची भाजी आणि विजेचे बिल पाहतील. सासूबाईंना लसूण सोलायला, डाळ निवडायला द्या. पुष्कळ वेळा त्यांनाही "मला कुणी काही सांगतच नाही" असे वाटत असते. एकदा नाव लिहिले की त्या कामाची आठवण करून देणे तुमच्याकडे ठेवू नका. तसे केले तर काम दुसऱ्याचे आणि काळजी तुमचीच राहते. वही ओट्याजवळ आहे, ज्याने त्याने पाहावी. पहिले पंधरा दिवस दूध एखाद्या वेळी उतू जाईल. जाऊ द्या.

थाळीची किंमत

जिच्या कामातून पैसे येतात तिला तर वही हवीच हवी. समजा, घरगुती खानावळीत बारा पाहुणे जेवले. मासे, तांदूळ, नारळ, तेल, गॅस सारे वजा जाता एका थाळीमागे ऐंशी रुपये सुटले. म्हणजे नऊशे साठ रुपये. बरे वाटते! पण वहीत पाहिले तर दोघी जावा त्यापायी सहा-सहा तास राबल्या आहेत. बारा तासांचे नऊशे साठ, म्हणजे तासाला ऐंशी रुपये. आणखी खाली पाहिले तर त्यातले तीन तास नुसत्या वड्यांचे : भिजवण, थापणे, तळणे. मग निर्णय घेता येतो. कोंबडी-वड्याचा दर वेगळा ठेवायचा, किंवा "वडे हवे असतील तर आदल्या रात्री सांगा" अशी पाटी लावायची. वही नसती तर मनात फक्त एवढेच राहिले असते की, "काय मेली ही दमणूक!"

तुम्ही डबे देत असाल, फॉल-पिको करत असाल, शिकवण्या घेत असाल, तर हाच हिशेब करून पाहा. सामानाचा खर्च आपण पैशापैशाने धरतो. तास धरत नाही, कारण ते घरचेच असतात. घरच्या नारळाचीही किंमत धरावी लागते, मग घरच्या तासाची का नको?

आणि हिशेब आपल्याला जमत नाही असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्राचे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली निघाले, आणि गेल्या काही दशकांत गावोगाव बचतगट उभे राहिले. हजेरी, बचत, कर्ज, व्याज यांच्या वह्या बायकाच लिहितात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना तिवरांची झाडे नि पक्षी दाखवायचे हा त्यांचा उद्योग. होडीची पाळी कुणाची, पैसे किती आले, वाटणी कशी, हे असल्या धंद्यात लिहूनच चालते. गटाची वही चोख ठेवणाऱ्या हातांना स्वतःची वही जड का जावी?

उधाणासाठी जागा

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण येते. चंद्र-सूर्याची ओढ एकाच रेषेत लागते म्हणून पाणी फार चढते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाणी बेताचे. देवबागच्या अरुंद पट्टीला उधाणाचा अर्थ चांगलाच कळतो. समुद्र तिथली जमीन वर्षानुवर्षे खातो आहे. किनाऱ्याला दगडी बंधारे घालावे लागले आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा घरे, होड्या, माड, विजेचे खांब यांचे किती नुकसान झाले ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे. त्या दिवशी कुणाच्या वहीतले डावे पान खरे ठरले असेल?

म्हणून डावे पान काठोकाठ भरू नका. दिवसाचा एक तुकडा, निदान तासभर, कोरा ठेवा. आठवड्यातली एक दुपार कोरी ठेवा. पाहुणे आले, मूल तापाने फणफणले, गॅस संपला, तर ते त्या कोऱ्या जागेत मावते. काहीच आले नाही तर ती जागा तुमची. तेव्हा पुस्तक वाचा, झोपा, मैत्रिणीकडे जा; आणि उजव्या पानावर तेही लिहा. "तीन ते चार : झोपले." लिहायला लाजायचे काही कारण नाही.

आपल्या शरीराचीही भरती-ओहोटी असते. महिन्यातले ते चार दिवस, त्याआधीची चिडचीड, पाठदुखी हे सारे वहीच्या कडेला एका टिंबाने नोंदवत जा. तीन महिन्यांत कळेल की मोठी साफसफाई नेमकी कोणत्या आठवड्यात काढू नये. चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींना तर ही टिंबे डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडतात.

आणि वर्षाचाही विचार करा. जून-जुलैत यांत्रिकी मासेमारी बंद असते, पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद, पाहुणे कमी. देवबागच्या बाईला ते दोन महिने रिकामे म्हणून काढता येत नाहीत. चादरींना टाके घालणे, खोल्यांची डागडुजी, गेल्या हंगामाचा हिशेब, पुढच्या हंगामाचे दर ही त्या दिवसांची कामे. आपल्या वर्षातही असा उतरत्या पाण्याचा काळ असतो. मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरचा, किंवा दिवाळीनंतरचा. तो आधीच ओळखून ठेवला तर जी कामे "एकदा सावकाश करायची आहेत" म्हणून वर्षानुवर्षे पडून असतात, ती मार्गी लागतात.

एवढे मात्र सांभाळा

वहीला सासू होऊ देऊ नका. पाच कामे राहिली म्हणून स्वतःला बोल लावत बसलात, तर वही चार दिवसांत माळ्यावर जाईल. राहिलेली कामे मोजण्याआधी झालेली मोजा. एखाद्या दिवशी लिहायचे राहिले तर मागचे भरत बसू नका. आजच्या पानापासून पुढे चला. आणि घरातल्या कुणी "आता ही ऑफिसरीण झाली" म्हणून थट्टा केली, तर हसा, आणि पेन्सिल त्यांच्या हाती द्या. त्यांचाही एक दिवस त्यांनी लिहून पाहावा.

महिना झाला की पहिल्या दिवसाचे पान आणि शेवटच्या दिवसाचे पान शेजारी ठेवून पाहा. कामे कमी झालेली नसतील, कदाचित. पण कुणी विचारले, "आज काय केलंस?" तर तुमच्याकडे उत्तर असेल, आणि दोन-चार कामांपुढे दुसऱ्यांची नावे असतील. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

करून पाहा, आणि आपल्या वहीतून काय निघाले ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात पाहू पावसाळ्यासाठी धान्य, कडधान्ये आणि मसाले कसे भरून ठेवायचे ते. उन्हाचेच काम आहे. तेव्हा महिन्याच्या पानावर आजच लिहून ठेवा!